वाळूचे वार्धक्य

१६ मे, शुक्रवार

दुपारी सव्वाचारला विभागप्रमुख स्वतः माझ्या खोलीत आले. ते स्वतः आले की समजावे, काहीतरी आपल्या गळ्यात पडणार. आज ते खुर्ची ओढून बसलेसुद्धा. म्हणजे पडलेच.

"परदेशातून दोन मुलं येताहेत," ते म्हणाले. "पदवीच्या तिसऱ्या वर्षाची. छप्पन्न दिवस आपल्याकडे राहून संशोधनाचा अनुभव घेणार."

"आपल्याकडे म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे."

मी म्हणालो, माझ्याकडे संशोधन आहे, अनुभवही आहे, पण दोन्ही एकाच ताटात वाढायला वेळ नाही. ते हसले. माझ्या बोलण्याला ते नेहमी हसतात आणि मग जे करायचे तेच करतात.

"सर, 'आंतरराष्ट्रीय' या रकान्यात तीन वर्षं आपलं शून्य आहे. आणि नोंदणी पाचला बंद होते."

फॉर्ममध्ये प्रकल्पाचे नाव हवे होते, शिवाय दोनशे शब्दांत वर्णन. पाऊण तासात प्रकल्प कुठून जन्माला घालणार? संगणकावर ज्येष्ठाची फाइल उघडी होती. ज्येष्ठा म्हणजे माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पाच वर्षे झाली. प्रयोगशाळेत सगळ्यांत जुनी, म्हणून मी तिचे हे नाव ठेवले. तिला आवडते. तिच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा आराखडा समोरच होता, नेमका दोनशे दहा शब्दांचा. दहा शब्द उडवले आणि उरलेले चौकटीत टाकले.

चौथे प्रकरण म्हणजे आमचा जुना घोळ. प्रयोगशाळेत बारा मीटर लांबीचा, काचेच्या भिंतींचा एक पाट आहे. आम्ही त्याला काचेचा ओढा म्हणतो. तळाला वाळू, वरून पाणी; ते शेवटी खालच्या हौदात पडते आणि पंपाने पुन्हा वर येते. पाण्याचा वेग वाढवत नेला की वाळूवर लाटा उठतात आणि एका वेगाला त्या मोडून तळ सपाट होतो. कोणत्या वेगाला, एवढेच सांगायचे आहे. पण कधी हा वेग एक येतो, कधी दुसरा. तीच वाळू, तेच पाणी, तोच पंप. ज्येष्ठा दोन वर्षे या एका गाठीशी बसली आहे.

तिला जे सुटले नाही ते पदवीची पोरे काय सोडवणार? पंप चालू करायला शिकली तरी गंगेत घोडे न्हाले. पाहुण्यांना द्यायचा प्रश्न न सुटणारा असावा, म्हणजे कोणाचेच काही बिघडत नाही. सगळे प्राध्यापक हेच करतात, फक्त वहीत लिहीत नाहीत.

चार पंचावन्नला सही केली.

२ जून, सोमवार

अतिथी म्हणजे ज्याची यायची तिथी ठरलेली नसते तो, असे शाळेत शास्त्रीबुवांनी शिकवले होते. यांची तर जायची तिथीही फॉर्मवर छापलेली आहे.

सकाळी साडेसहाला ज्येष्ठा त्यांना विमानतळावरून घेऊन आली. मी जाणारच होतो, पण तीच म्हणाली, "सर, मी जाते." तिला असल्या गोष्टींची हौस आहे. त्यांची फोनची कार्डे, अंथरुणे, ओळखपत्रे, सगळे तिने आधीच करून ठेवले होते.

एक मुलगी, एक मुलगा. मुलगी विमानातून उतरल्यापासून प्रश्न विचारते आहे. गेटवर किती पहारेकरी असतात, या इमारतीला चार जिने का, मी या विषयाकडे कसा वळलो. तिचे नाव मी प्रश्ना ठेवले. मुलगा उंच, खांदे पाडून चालणारा. दिवसभरात दोनदा "थँक यू" म्हणाला. तो मौनी.

मौनीला वसतिगृहात खोली मिळाली. मुलींच्या बाजूला नळदुरुस्ती चालू आहे, तेव्हा प्रश्ना छप्पन्न दिवस आमच्या घरी, माझ्या अभ्यासिकेत. हा निर्णय माझ्या बायकोने आणि विभागप्रमुखांनी फोनवर परस्पर घेतला. मला कळवण्यात आले.

हे मी घराच्या मागच्या पडवीत, कपडे धुण्याच्या यंत्रावर वही ठेवून लिहितो आहे. यंत्र मध्येच थरथरले की अक्षर हलते.

६ जून, शुक्रवार

आज जे झाले ते जरा सविस्तर लिहायला हवे.

प्रश्नाने कार्यक्रमाची नियमावली वाचली आहे. अठ्ठावीस पाने. अशी माणसे असतात हे ऐकून होतो. आज ओढ्यापाशी ती म्हणाली, "सर, नियम सात सांगतो की नोंदवलेला विषय बदलता येत नाही. नियम नऊ सांगतो की शेवटच्या शुक्रवारी आमचं पोस्टर सर्वांसमोर लागेल आणि त्याच दिवशी संकेतस्थळावर कायमचं जाईल, आमच्या नावानं. मग आम्ही सुरुवात कधी करायची?"

"कशाची सुरुवात?"

तिने फोनवर प्रकल्पाचे वर्णन उघडून मोठ्याने वाचले. दोनशे शब्द.

ज्येष्ठा पलीकडे ओढ्याची काच पुसत होती. तिचा हात थांबला.

"सर, हे माझं चौथं प्रकरण आहे," ती आपल्या भाषेत म्हणाली.

"अगं, नुसते शब्द उचललेत. फॉर्मला शब्द लागतात."

"पण त्यांना उत्तर मिळालं तर?"

"तुला मिळालं का?"

मी हे थट्टेने म्हणालो. ती पुन्हा काच पुसू लागली. खरे तर काच तेव्हा स्वच्छच होती.

घरी येऊन मी प्रबंधाचे नियम काढले. निष्कर्ष दुसऱ्या कोणाच्या नावाने आधी प्रसिद्ध झाला असेल, तर ते प्रकरण प्रबंधात धरले जात नाही. ज्येष्ठाला चार प्रकरणे लागतात आणि चारच आहेत. चौथ्याचे आकडे सगळे तयार आहेत, उत्तर तेवढे नाही. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली. एकतीस ऑगस्टपर्यंत प्रबंध गेला नाही तर तिची नोंदणी रद्द होते आणि एका महाविद्यालयातली नोकरी तिच्यासाठी तेवढ्याच दिवसापर्यंत थांबली आहे.

म्हणजे पोरांना उत्तर सापडता कामा नये. आणि सापडू नये म्हणून मीच काहीतरी केले पाहिजे. शिक्षकाला इतके शुद्ध उद्दिष्ट क्वचितच मिळते.

९ जून, सोमवार

उपाय सापडला. कालहरण.

दोघांना समोर उभे करून मी गंभीरपणे सांगितले, की खरा संशोधक आधी आपली वाळू ओळखतो. ओढ्यातली आणि खालच्या हौदातली मिळून चाळीस घमेली वाळू आहे. ती सगळी चाळायची. एकावर एक सात चाळण्यांची उतरंड, वर जाड जाळी, तळाला बारीक. प्रत्येक चाळणीवर किती राहिली ते तोलून लिहायचे. चाळण्या हलवणारे यंत्र वर्षभर बंद आहे, तेव्हा हातानेच.

"चाळीस घमेली?" प्रश्नाने विचारले.

"चाळीस. घाई नको."

मौनीने बाह्या वर केल्या.

ज्येष्ठा माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होते. मला वाटते, माझी युक्ती तिच्या लक्षात आली आणि तिला बरे वाटले असावे.

१३ जून, शुक्रवार

सोळा घमेली झाली. अंदाजापेक्षा वेगाने जाताहेत.

घरात मी पाहुण्यासारखा वागतो. अभ्यासिकेवर टकटक करून माझेच पुस्तक मागून घेतो. जुना भोक पडलेला बनियन बायकोने कपाटात वर ठेवून दिला. जेवताना प्रश्ना विचारते, तुमचं लग्न कसं ठरलं, पहिलं भांडण कशावरून झालं. बायको सांगते! तेवीस वर्षे माझ्यापासून लपवलेल्या गोष्टी त्या पोरीला तीन दिवसांत कळल्या. "ती विचारते आणि मग गप्प बसून ऐकते हो," बायको म्हणाली. "तुम्हीसुद्धा विचारता, पण उत्तर येईपर्यंत तुमची पुढची कोटी तयार असते."

मी म्हणालो, हे निरीक्षण प्रसिद्ध करण्याजोगे आहे. ती म्हणाली, "बघा."

१९ जून, गुरुवार

मौनी बोलला.

साडेतीनच्या सुमारास मी प्रयोगशाळेत गेलो तर लांब टेबलावर वर्तमानपत्रे पसरून त्यावर वाळूचे ढीग मांडलेले. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, प्रत्येक ढिगाला चिठ्ठी. मौनी उभा होता. सतरा दिवसांत पहिल्यांदा तो पूर्ण वाक्य बोलला. एकदम चार बोलला.

"सर, हौदातली वाळू बारीक आहे आणि ओढ्यातली जाड आहे. सुरुवातीला दोन्ही एकच असणार. ओढ्याच्या शेवटी जाळी आहे, तिच्यात अडकलेली वाळू आपण घमेल्यानं परत वरच्या टोकाला टाकतो, पण बारीक वाळू जाळीतून निसटून हौदात बसते. म्हणजे प्रत्येक फेरीत ओढ्यातली वाळू थोडी जाड होत जाते."

प्रश्नाने कागद पुढे केला. त्यावर ज्येष्ठाच्या प्रयोगाच्या दोनशे बारा फेऱ्या होत्या, तिनेच कौतुकाने यांना वाचायला दिलेल्या. आजवर आम्ही त्या वेगाप्रमाणे लावत होतो. यांनी त्या क्रमाने लावल्या, पहिली फेरी आधी, शेवटची शेवटी. ठिपके एका रेषेत चढत गेले होते. दोन वर्षांचा गोंधळ म्हणजे एक सरळ रेष.

मी त्यांना चाळणी दिली नसती तर हे त्यांना छप्पन्न काय, पाचशे दिवसांत दिसले नसते.

ज्येष्ठा दारात उभी होती. तिने कागद हातात घेतला, खूप वेळ पाहिला. "बरोबर आहे," ती मौनीला म्हणाली. "छान केलंस." मग पिशवी उचलून घरी गेली. चार वाजले होते. पाच वर्षांत ती कधी चारला गेल्याचे मला स्मरत नाही.

२० जून, शुक्रवार

सकाळी ज्येष्ठाने तिची एक जुनी नोंदवही माझ्या टेबलावर ठेवली, पान सत्तेचाळीस उघडून. "मी बाहेर आहे सर," म्हणाली आणि गेली.

दोन वर्षांपूर्वीची तारीख. तिच्या अक्षरात: "प्रत्येक फेरीनंतर ओढ्यातील वाळू जाड होत असावी. बारीक वाळू हौदात साठते का? दोन्हीकडची वाळू चाळून पाहावी."

खाली लाल शाईत माझ्या अक्षरात: "वाळूला वार्धक्य येत असेल, तर तिला निवृत्तिवेतनही सुरू करावे. चाळण्या खाली ठेवा, नेमलेले काम करा." सही. तारीख.

माझे लाल शेरे विभागात प्रसिद्ध आहेत. विद्यार्थी ते एकमेकांना वाचून दाखवतात. हा शेरा मी तेव्हा चहाच्या खोलीत सांगितल्याचे आठवते. हशा पिकला होता.

दार उघडून पाहिले. ती बाकावर बसली होती. मी म्हणालो, "तेव्हा आग्रह का नाही धरलास?"

"धरला होता सर. दोनदा. दुसऱ्यांदा तुम्ही मला वाळूची प्रकृती कशी आहे, असं विचारलंत."

हे मला अजिबात आठवत नाही. पण वाक्य माझेच वाटते.

२१ जून, शनिवार

बायकोला सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले, वाटाणे सोलत.

"मग आता ते पान सगळ्यांना दाखवा. तिचं उत्तर दोन वर्षं आधीचं आहे, हे त्यात लिहिलंय ना?"

"त्यात आणखीही काही लिहिलंय."

"ते कळलं मला."

"इतकं सोपं नाही ते."

"सोपं आहे, असं कुठे म्हणाले मी?" तिने सोललेले वाटाणे उचलले. "बाकी एक विचारू? त्या मुलीला तुम्ही ज्येष्ठा म्हणता, ते ती बत्तीस वर्षांची होऊनही अजून विद्यार्थिनीच आहे म्हणून ना?"

मी म्हणालो, छे, प्रेमाने. ती स्वयंपाकघरात गेली.

२७ जून, शुक्रवार

दोन दारे ठोठावली.

पहिले कार्यक्रमाच्या कार्यालयाचे. विषय बदलून मिळेल का? नाही, नियम सात. पोस्टर गुप्त ठेवता येईल? नाही, नियम नऊ. प्रकल्प मागे घेतला तर? तर दोघांना प्रमाणपत्र नाही. त्यांच्या विद्यापीठात या छप्पन्न दिवसांचे गुण धरलेले आहेत, ते जातील आणि त्यांचे सत्र वाया. हे सगळे त्यांनी लेखी दिले; पत्राखाली "आपला सुखद सहवास लाभो" असे छापील वाक्य होते.

दुसरे दार विभागप्रमुखांचे. तिथे ज्येष्ठाला बरोबर न्यायला हवे होते, हे बाहेर आल्यावर सुचले.

"ज्येष्ठाला हे आधी सुचलं होतं, याचा काही लेखी पुरावा?" त्यांनी विचारले. "तारीख असलेला, मार्गदर्शकाची सही असलेला. असेल तर संशोधन समिती प्रकरण मान्य करू शकते. तशी तरतूद आहे. काही आहे का?"

मी म्हणालो, "पाहतो."

पाहायचे काय होते? वही माझ्या खणात होती.

१ जुलै, मंगळवार

शिवलेल्या वहीचे एक पान काढले की त्याचे जोडपान सैल होऊन गळते. सत्तेचाळीसचे जोडपान कितवे, हे मी आज मोजले. केवळ कुतूहल. मोजून झाल्यावर वही मिटली, खण लावला, किल्ली खिशात टाकली. मग किल्ली खिशात असल्याचे मला दिवसभर कळत राहिले.

ज्येष्ठाने विचारले, "सर, वही वाचून झाली?" मी म्हणालो, अजून एकदा पाहायची आहे. "बरं सर." एकसष्ट दिवस उरलेत तिचे. तिने सांगितले नाही, मीच मोजले.

तिकडे ती त्या दोघांना पोस्टरचे तक्ते करायला मदत करते आहे. अक्षर किती मोठे घ्यायचे, रंग कोणता. ती असे का करते, मला कळत नाही. मी तिच्या जागी असतो तर केले नसते.

४ जुलै, शुक्रवार

संध्याकाळी चहाच्या वेळी प्रश्ना स्वयंपाकघराच्या टेबलाशी येऊन बसली. बायको शेगडीपाशी.

"सर, आम्ही तिचं काही घेतलं का?"

"कोणाचं?"

"तुम्हाला माहीत आहे कोणाचं. मौनीनं उत्तर सांगितलं तेव्हा तिचा चेहरा आश्चर्याचा नव्हता." (मौनी हे नाव आता तीही वापरते. बायकोने सांगितले.) "मी तिला विचारलं. ती म्हणाली, सरांना विचार."

"तुम्ही काही घेतलं नाही."

"मग कोणी घेतलं?"

मी उठून पडवीत गेलो, पिशवीतली वही घेऊन आलो. ती मी आज घरी आणली होती. का, ते विचारू नये. सत्तेचाळिसावे पान तिच्यापुढे ठेवले. तिला आपली लिपी येत नाही. काळ्या अक्षरांचा अर्थ सांगितला. तिने मान डोलावली.

"आणि हे लाल?"

"तो शेरा आहे."

"काय म्हणतो?"

तीस वर्षे शेरे लिहिले, पण एखाद्याचे भाषांतर करायची वेळ कधी आली नव्हती. वाळूला वार्धक्य. तिला म्हातारपण म्हणजे काय ते माहीत आहे, निवृत्तिवेतन म्हणजे काय ते माहीत आहे. दोन्ही शब्द एकापुढे एक ठेवून मी वाक्य पूर्ण केले. ती हसण्याची वाट पाहत होती, म्हणजे कुठे हसायचे ते कळण्याची. भाषांतरात विनोद मरतो म्हणतात. मरत नाही, उघडा पडतो.

"हे तुम्ही गमतीनं लिहिलं?"

"हो."

"तिला गंमत वाटली?"

शेगडीवरचे पाणी उकळून वर आले होते आणि बायको ते उतरवत नव्हती.

"मी विचारलं नाही," मी म्हणालो.

८ जुलै, मंगळवार

समिती झाली. पाच जण, लांबट टेबल, खिडक्या बंद. मी वही पुढे सरकवली.

विभागप्रमुखांनी पान मोठ्याने वाचले. काळे आधी, लाल नंतर. एक सदस्य हसला. बाकीचे हसले नाहीत, तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. ज्येष्ठा भिंतीजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर हात ठेवून. मी खुलासा तयार ठेवला होता: विद्यार्थ्याच्या विचाराला धार यावी म्हणून पूर्वपक्ष मांडण्याची माझी पद्धत वगैरे. तोंड उघडले, पण खोलीत कोणी काही विचारलेच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घेऊन माणूस कुठे बसतो?

ठराव असा: प्रकरण मान्य. अट एक. पोस्टरवर हा आधीचा विचार ज्येष्ठाचा असल्याचे नमूद करावे आणि त्या पानाचे छायाचित्र लावावे, म्हणजे कोणाचे आधी हे सर्वांना दिसेल.

"फक्त वरचा भाग लावला तरी चालेल ना?" मी विचारले.

"सही आणि तारीख खाली आहे सर," विभागप्रमुख म्हणाले. "शेऱ्याच्याही खाली."

१० जुलै, गुरुवार

प्रश्नाने शेऱ्याचे भाषांतर माझ्याकडून तपासून घेतले. पोस्टरवर पानाखाली टाकणार आहे, कारण परदेशी वाचकांना अर्थ कळला पाहिजे. नियम चौदा. तिच्या वाक्यात एक शब्द मिळमिळीत होता, मी दुरुस्त करून जास्त नेमका केला. सवय.

२५ जुलै, शुक्रवार

मोठ्या सभागृहात अठरा पोस्टरे. गर्दी आमच्यापुढे.

पान मधोमध, वहीच्या चौपट आकाराचे. मौनी एका बाजूला उभा. येणाऱ्या प्रत्येकाला तो बोट दाखवून सांगत होता, "हे आधी तिनं लिहिलं. आम्ही नंतर मोजलं." दिवसभर हीच दोन वाक्ये. प्रश्ना प्रश्नांची उत्तरे देत होती. ज्येष्ठा जरा मागे होती, पण लोक तिला शोधून तिच्याशी बोलत होते. ओढ्याबद्दल, फेऱ्यांबद्दल, वाळूबद्दल. ती हातवारे करून सांगत होती. ती इतके बोलते हे मला ठाऊक नव्हते.

लोक आधी लाल वाचतात. काळे बारीक आहे, लाल ठसठशीत. वाचतात, खालचे भाषांतर वाचतात, मग इकडेतिकडे पाहतात. एका पाहुण्या बाईंनी मला विचारले, "हे मार्गदर्शक कोण हो?"

मी चहाचा कप घेऊन शेवटच्या रांगेत उभा होतो. तिथूनही वाचता येत होते. माझे अक्षर चांगले आहे.

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी "अच्छा" म्हटले. पुढे काहीतरी विनोदी बोलून सुटता आले असते. तीन वाक्ये जिभेवर होती. तिन्ही गिळली. त्यावर चहा प्यालो.

२८ जुलै, सोमवार

पाहुणे काल गेले. प्रश्ना बायकोच्या गळ्यात पडून रडली. मौनी मला म्हणाला, "सर, चाळण्यांबद्दल थँक यू." हा पोरगा निरागस आहे की नाही, हे मी छप्पन्न दिवसांत ठरवू शकलो नाही.

अभ्यासिका परत मिळाली. टेबल आवरलेले, पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली. मी तिथे बसलो आणि उठलो. हे पुन्हा यंत्रावरच लिहितो आहे.

दुपारी ज्येष्ठा आली. हातात फॉर्म.

"सर, मार्गदर्शक बदलायचा अर्ज आहे. विभागप्रमुख मार्गदर्शक व्हायला तयार आहेत. तुमची बाजू तुम्ही भरायची असते."

मला आधी नीट ऐकूच आले नाही. "आता? अगं, महिना उरलाय. प्रकरण मान्य झालं. सगळं तुझ्या मनासारखं झालं की."

"हो सर. तुम्ही ते पान दिलंत. मला माहीत आहे ते सोपं नव्हतं."

"मग?"

"तोंडी परीक्षेला शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसाल. परीक्षक विचारतील, मी उत्तर देईन. मग तुम्ही त्यावर काहीतरी म्हणाल."

"चांगलंच म्हणेन."

"हो सर," ती म्हणाली. "चांगलंच म्हणाल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही उत्तर सुचले असते.

२९ जुलै, मंगळवार

फॉर्ममध्ये "मार्गदर्शक बदलण्याचे कारण" असा रकाना. सकाळी खोलीत दार लावून बसलो. पहिल्यांदा जे लिहिले ते वाचायला सुरेख होते, म्हणून खोडले. दुसरे त्याहून सुरेख झाले. नवा फॉर्म मागवला. त्यावर तीन शब्द लिहिले: "मार्गदर्शकाने ऐकले नाही." स्वतः घेऊन कार्यालयात गेलो. ज्येष्ठाला जिन्यात थांबायला सांगितले.

कारकुनाने फॉर्म उलटा करून पाहिला. "हे नाही चालणार सर. कारण यादीतलं लागतं." त्याने मागची छापील यादी दाखवली: निवृत्ती, बदली, मृत्यू, प्रदीर्घ आजार.

"इतर कारण?"

"इतर नाही."

"यातलं मला एकही लागू नाही."

"एक तर घ्यावंच लागेल. मृत्यूला दाखला लागतो." तो क्षणभर विचारात पडला. "आजार घ्या. सगळे तेच घेतात. त्याला काही जोडावं लागत नाही."

मी माझे तीन शब्द खोडले आणि आजारावर खूण केली. त्याने पुढच्या ओळीवर बोट ठेवले: केव्हापासून?

मी विचार केला. मग नोकरीत रुजू झालो ती तारीख घातली, तीस वर्षांपूर्वीची. त्याने न वाचता शिक्का मारला आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

जिन्यात ज्येष्ठाने तो उघडून वाचला. तारखेवर तिची नजर थांबली.

"सर, आजाराला डॉक्टरांची चिठ्ठी लागते ना?"

"लागत नाही म्हणाला. बरोबर काम करणाऱ्यांना तो माहीत असतोच."

"असतो," ती म्हणाली आणि फॉर्मची घडी घालून खाली उतरून गेली.